सव्वीस जानेवारी मुंबईच्या बंदराच्या बाजूने घालवायचा असेल तर…

बंदरवाट । १२ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

यंदा सव्वीस जानेवारी सोमवारी येतोय, म्हणजे शनिवार-रविवार धरून सलग तीन दिवस सुट्टी. जिकडे तिकडे लोणावळा, अलिबाग, महाबळेश्वरचे बेत चाललेत. ज्यांना जायचंय त्यांनी खुशाल जावं. हा धागा मुंबईतच राहणाऱ्यांसाठी आणि बाहेरगावाहून त्या दिवशी मुंबईत येणाऱ्यांसाठी काढतोय. माझं मनापासून सांगणं आहे, हा दिवस शहराच्या पूर्व किनाऱ्यावर घालवा.

मुंबईचा समुद्र म्हटलं की आपल्याला मरीन ड्राइव्ह, वरळी, जुहू आठवतं. तो सगळा पश्चिमेचा, मोकळा अरबी समुद्र. हे शहर वाढलं ते मात्र पूर्वेकडच्या शांत, खोल पाण्यामुळे. जहाजाला वादळवाऱ्यापासून आडोसा तिथेच मिळतो. ससून गोदी १८७५ ची, प्रिन्सेस गोदी १८८० ची, आणि आज जिला इंदिरा गोदी म्हणतो ती १९१४ ची. कापूस गेला, गिरण्यांची यंत्रं आली, माणसं आली आणि गेली, सगळं याच पाण्यावरून. पण गोद्यांच्या लांबलचक भिंतींमुळे हा किनारा आपल्या नजरेआड राहिला. मुंबईत जन्म काढलेली कितीतरी माणसं भाऊच्या धक्क्यावर कधीही गेलेली नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रजासत्ताक दिनाशी या पाण्याचा काय संबंध? खूप जवळचा. ९ जानेवारी १९१५ ला गांधीजी दक्षिण आफ्रिकेचं काम संपवून उतरले ते अपोलो बंदरावर. २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी, सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, गेटवेच्या कमानीखालून बोटीत बसून निघून गेली. ही दोन्ही दृश्यं शाळेत शिकवतात. मधलं एक मात्र पुस्तकात चार ओळींत उरकतात, म्हणून त्यावर जरा थांबतो.

१८ फेब्रुवारी १९४६. कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदलाच्या संदेशवहन शाळेतल्या हिंदी नाविकांनी जेवण नाकारलं. निकृष्ट अन्न, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या आणि पगारातला भेदभाव यांना पोरं विटली होती. दुसऱ्या दिवसापर्यंत बंदरात नांगरलेली जहाजं आणि फोर्टातली कॅसल बरॅक्स संपात उतरली. जहाजांवरचे ब्रिटिश झेंडे उतरले आणि त्यांच्या जागी काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट यांचे झेंडे एकत्र चढले. देशभरात मिळून ७८ जहाजं आणि सुमारे २०,००० नाविक या उठावात होते. सैन्याने वेढा घातला, तेव्हा मुंबईची साधी माणसं खाण्याचे जिन्नस घेऊन गेटवेपाशी आली आणि ते बोटींतून नाविकांपर्यंत पोचले. २२ तारखेला शहर बंद पडलं, गिरणगाव रस्त्यावर उतरला, गोळीबार झाला. दोनशेहून अधिक माणसं गेली. २३ ला सरदार पटेलांच्या सांगण्यावरून नाविकांनी शस्त्रं खाली ठेवली.

त्यानंतर चार वर्षांच्या आत आपण आपली राज्यघटना अमलात आणली. म्हणून मला वाटतं, सव्वीस जानेवारीला त्या पाण्यासमोर जाऊन उभं राहावं आणि मुलांना हे सांगावं. कुलाब्यात नाविकांच्या उठावाचं स्मारक आहे, गेटवेला जाणाऱ्यांपैकी फार थोडे तिकडे वळतात.

आता दिवस कसा आखावा ते सांगतो. सोसायटीतलं किंवा शाळेतलं झेंडावंदन चुकवू नका, आधी ते. त्यानंतर हार्बर लाइन धरा. विजेवर चालणारी देशातली पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला याच मार्गाने बोरीबंदरहून, म्हणजे आजच्या सीएसएमटीहून, कुर्ल्याला गेली होती. मशीद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी ही स्टेशनं एरवी आपण झोपेत ओलांडतो. सुट्टीच्या दिवशी गाडीला गर्दी कमी असते, खिडकीत बसायला मिळतं. पूर्वेकडची खिडकी पकडा.

डॉकयार्ड रोडला उतरलात की जवळच भंडारवाड्याची टेकडी आहे आणि तिच्यावर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान. होमरूल चळवळीत टिळकांच्या खांद्याला खांदा लावून काम केलेले हे काका बाप्टिस्टा. बागेतून खाली माझगावच्या गोद्या, क्रेन, उभी जहाजं आणि पलीकडे बंदराचं पाणी दिसतं. मुंबईतल्या माझ्या सगळ्यात आवडत्या जागांपैकी ही एक आहे.

तिथून भाऊचा धक्का फार लांब नाही. धक्क्यावरून मोऱ्याची लाँच घ्यायची. साधी प्रवासी लाँच, उरणची माणसं रोज ये-जा करतात ती. डाव्या हाताला जवाहर द्वीपाच्या तेलाच्या टाक्या, मागे घारापुरीचा डोंगर, पुढे न्हावा-शेवाच्या उंच क्रेन आणि समोर द्रोणागिरी. थंडीत कुरव पक्षी लाँचबरोबर उडत येतात. मोऱ्याला उतरून रिक्षाने उरण स्टेशन गाठायचं. जानेवारी २०२४ पासून लोकल थेट उरणपर्यंत जाते. तिने बेलापूर-नेरूळला यायचं आणि परत हार्बर लाइन. म्हणजे पाण्यावरून जायचं आणि खाडीला वळसा घालून रुळांवरून परतायचं. एका दिवसात आख्खं बंदर चारही बाजूंनी पाहून होतं.

संध्याकाळी बॅलार्ड इस्टेट. इंदिरा गोदी खणताना निघालेल्या मातीचा भराव घालून ही वस्ती उभी केली, आणि आखणी गेटवेचा वास्तुकार जॉर्ज विटेट याचीच. सुट्टीच्या दिवशी तिथले रस्ते निवांत असतात. अंधार पडला की चालत बोरीबंदरला या. स्टेशनाची आणि समोरच्या महापालिकेची इमारत तिरंगी दिव्यांत उजळलेली असते.

कुणी असा दिवस काढला असेल तर लिहा. काही विचारायचं असेल तर विचारा.

---

मृण्मयी_ठाणे । १२ जानेवारी, रात्री १०.१५

सुंदर धागा. नाविकांच्या उठावाचं वाचून काटा आला अंगावर. दोन मुलं आहेत, दहा आणि सहा वर्षांची. आमचा बेत सोमवारी झेंडावंदन करून गेटवेहून घारापुरीला जायचा आहे. जमेल ना? किती वाजता निघावं?

---

बंदरवाट । १२ जानेवारी, रात्री १०.३२

मृण्मयीताई, घारापुरीची लेणी दर सोमवारी बंद असतात आणि यंदा सव्वीस नेमका सोमवारी आहे. तुम्ही रविवारी पंचवीसला जा. सकाळच्या पहिल्या लाँचींपैकी एखादी धरा, साधारण तासाभरात पोचता. धक्क्यावरून पायथ्यापर्यंत मुलांसाठी छोटी आगगाडी आहे, पुढे पायऱ्या. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, तेवढं वेळापत्रक पाहून ठाण्याहून निघा. लाँचमध्ये चढल्या चढल्या मुलांना लाइफ जॅकेट घाला, उकडत असलं तरी काढू देऊ नका. डिसेंबर २०२४ मध्ये याच पाण्यात घारापुरीच्या प्रवासी बोटीला अपघात होऊन माणसं गेली, ते सगळ्यांना आठवत असेल.

मुलांना लेण्यांइतकंच बेटही दाखवा. शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर अशी तीन गावं आहेत तिथे. समोर मुंबई रात्रभर झगमगत असताना या गावांत कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून. तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा, तेवढाच उजेड. प्रजासत्ताकाच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मुलांनी हे त्या गावात उभं राहून ऐकावं असं मला वाटतं.

आणि ज्या दगडी हत्तीवरून घारापुरीला ‘एलिफंटा’ हे इंग्रजी नाव पडलं तो बेटावर नाही. राणीच्या बागेजवळ, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.

---

मृण्मयी_ठाणे । १२ जानेवारी, रात्री १०.४०

बरं झालं विचारलं! रविवार पक्का केला. मनापासून आभार.

---

नाखवा_शिवडी । १२ जानेवारी, रात्री ११.२०

बंदरवाट दादा, लिखाण झकास. भरती-ओहोटीचं मी सांगतो, आमच्या घरात ते पिढ्यान् पिढ्या चालत आलंय.

पंचवीसला रथसप्तमी आहे, म्हणजे सव्वीसला अष्टमी. आमचा हिशोब सोपा असतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाच्या आसपास भरती, दुपारी बाराच्या आसपास ओहोटी, संध्याकाळी सहाला पुन्हा भरती. वेळ थोडी मागेपुढे होते, पण दिवस आखायला एवढं पुरे.

अष्टमीला भांग असतो. उधाणासारखं पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. तरी मोऱ्याच्या जेटीपाशी गाळ फार साचलेला आहे. ओहोटीला लाँच लागायला पाणी कमी पडतं, मग फेऱ्या थांबवतात. म्हणून मोऱ्याला जायचं असेल तर सकाळीच निघा. दुपारी बारा-एकला धक्क्यावर येऊन लाँच कधी सुटणार म्हणून भांडणारी माणसं आम्ही नेहमी बघतो. पाण्यापुढे तांडेल तरी काय करणार?

आणि एक सांगायचंय. सव्वीस जानेवारीला आमच्याही होड्यांवर झेंडा लागतो. म्हावरं पहाटे उतरतंच, बाजार काही सुट्टी घेत नाही. पण बाया झेंडावंदनाला कोळीवाड्यात हजर असतात, नवीन लुगडं नेसून. कुणाला यायचं असेल तर कुठल्याही कोळीवाड्यात त्या दिवशी सकाळी या. परक्यासारखं वागवणार नाही कुणी.

---

पक्षीवेडा । १३ जानेवारी, सकाळी ७.०५

नाखवा, तुमच्या हिशोबाने शिवडीच्या खाजणासाठी सव्वीसची सकाळ छान आहे. रोहित पक्षी चिखलात चोच घालून शेवाळ आणि बारीक जीव खातात. पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली जातो आणि पूर्ण ओहोटीला पक्षी पार लांब पाण्याच्या कडेला सरकतात. भरती उतरायला लागून दोन-तीन तास झाले की ते जवळ असतात. म्हणजे साडेआठ ते दहा.

शिवडी स्टेशनला पूर्वेकडे उतरून गोदामांच्या रस्त्याने वीसेक मिनिटं चाला. अटल सेतू तिथूनच सुरू होतो, त्यामुळे जुन्या फोटोंतलं दृश्य आता नाही. थवे किती येतील हे वर्षावर्षावर असतं. न दिसले तर ठाणे खाडी आहेच, तिथलं रोहित अभयारण्य २०१५ ला जाहीर झालं आणि २०२२ ला जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं.

दुर्बीण आणा. स्पीकर आणू नका. तिरंगी फुगे तर अजिबातच नकोत, फुटलेला फुगा चिखलात गेला की तो निघत नाही. आणि लाँचवरून कुरवांना शेव-गाठ्या टाकू नका, ते त्यांचं अन्न नाही.

---

निवांत_दुपार । १३ जानेवारी, सकाळी ९.५०

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नये.

मी रोज विरारहून चर्चगेटला उभ्याने येते. माझ्यासारख्या बाईला वर्षातून ज्या मोजक्या हक्काच्या सुट्ट्या मिळतात त्या घरात पाय पसरून घालवाव्यात असं वाटलं तर त्यात देशप्रेम कमी पडतं का? सकाळी खाली जाऊन झेंड्याला वंदन करायचं, मुलांना जिलेबी आणायची, दूरदर्शनवर दिल्लीचं संचलन बघायचं आणि दुपारी झोपायचं. माझ्या आईवडिलांनी असेच प्रजासत्ताक दिन काढले आणि मला ते खूप प्रिय आहेत. पुन्हा लोकल, पुन्हा लाँच, पुन्हा चालणं, हे सगळ्यांना झेपत नाही.

---

बंदरवाट । १३ जानेवारी, सकाळी १०.२०

ताई, राग कसला! तुम्ही म्हणता ते पूर्ण खरं आहे. विश्रांती हा कष्टकरी माणसाचा हक्क आहे, आणि तो हक्क मिळावा म्हणून याच शहरात माणसं लढली आहेत. ज्याला बाहेर पडायचंच आहे त्याने मॉलऐवजी इकडे यावं, एवढंच माझं म्हणणं. संचलन प्रत्यक्ष बघायचं असेल तर राज्याचा मुख्य सोहळा दादरला शिवाजी पार्कवर असतो, राज्यपालांच्या हस्ते. नौदलाची तुकडीही संचलनात असते. तिकडे मात्र लवकर जावं लागतं.

---

गोदीतली_लेक । १३ जानेवारी, दुपारी २.१०

माझे बाबा बंदरात नोकरीला होते, आजोबा गोदीत हमाल. आमचं बालपण बंदराच्या वसाहतीत गेलं, म्हणून हा धागा वाचून भरून आलं.

आजोबा १४ एप्रिल १९४४ बद्दल बोलायचे. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचं जहाज लागलं होतं. त्याच्या पोटात कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा, दोन्ही. दुपारी आग लागली आणि चारच्या सुमाराला पहिला स्फोट झाला, मग दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. आज देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. गोदीतले कामगार किती गेले याची धड मोजदादसुद्धा झाली नाही, असं आजोबा म्हणायचे आणि गप्प व्हायचे.

बंदर बघायला याल तेव्हा जहाजं आणि क्रेन बघाच, पण ओझं वाहणारी माणसं आठवा. सातारा, रत्नागिरी, आंध्र, उत्तर प्रदेश, कुठून कुठून आली ती. आमच्या वसाहतीत सव्वीस जानेवारीला एकाच झेंड्याखाली मराठी, तेलुगू, भोजपुरी, कोकणी अशा सगळ्या भाषांत गप्पा चालायच्या. बाबांच्या पाळीचा विचार सुट्टी बघून होत नसे. जहाज येतं ते भरतीच्या वेळेला. सकाळी इस्त्रीचा गणवेश घालून झेंडावंदन, आणि तिथूनच थेट कामावर. १९८९ ला न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं, कंटेनर तिकडे गेले, हळूहळू इकडची गजबज ओसरली. बाबांना तो बदल जिव्हारी लागला होता.

बाप्टिस्टा उद्यानातून दिसणारं दृश्य लिहिलंत, त्याबद्दल तुमचे विशेष आभार. आम्ही मुलं तिथेच खेळायचो.

---

बंदरवाट । १३ जानेवारी, दुपारी ३.००

ताई, तुम्ही लिहिलंत ते धाग्यातलं सगळ्यात मोलाचं आहे. आजोबांच्या आठवणी कुठेतरी सविस्तर लिहून ठेवा, ही हात जोडून विनंती.

---

समतेची_वाट । १३ जानेवारी, संध्याकाळी ६.४५

चांगली चर्चा. पण प्रजासत्ताक दिन म्हणजे संविधानाचा दिवस, आणि बंदराच्या या फेरीत बाबासाहेब अजून आलेले नाहीत, ते मी आणतो.

१९३० साली पहिल्या गोलमेज परिषदेला बाबासाहेब मुंबईच्या बंदरातूनच बोटीने निघाले. ज्यांना गावच्या पाणवठ्यावर पाणी भरू देत नव्हते त्यांचा प्रश्न ते समुद्रापार मांडायला चालले होते. त्या प्रवासाचं मोल कशात मोजायचं? १९४६ ला नाविकांचा उठाव झाला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये बाबासाहेबांनी सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं. ते फोर्टातच आहे, बोरीबंदरहून पाच-दहा मिनिटांवर. तुमच्या संध्याकाळच्या वाटेत ते सहज बसतं. कॉलेज त्या दिवशी झेंडावंदनानंतर बंद असेल, पण इमारतीसमोर दोन मिनिटं थांबा.

शिवाजी पार्कला संचलन बघायला जाणाऱ्यांनी पुढे चैत्यभूमीवर जावं, चालत जाण्याइतकं जवळ आहे. आम्ही मित्रमंडळी दरवर्षी तिथे समुद्राकडे तोंड करून संविधानाची उद्देशिका मोठ्याने वाचतो. शाळेत पाठ केलेले शब्द पन्नास माणसांबरोबर मोकळ्या हवेत म्हणताना वेगळेच वाटतात. स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द तोंडातून निघतात आणि शेजारी उभा माणूस कोण, कुठला, हे कुणी विचारत नाही. तुम्ही लाँचवर असाल तर तिथे वाचा. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांत उद्देशिका असतेच, मुलांच्या दप्तरातून पुस्तक बरोबर घ्या.

---

शाळामास्तर । १३ जानेवारी, रात्री ८.३०

समतेची_वाट यांची सूचना मला फार आवडली. मी नववीला इतिहास शिकवतो.

तारखेबद्दल थोडी भर घालतो, कारण मुलं नेहमी विचारतात. घटना २६ नोव्हेंबर १९४९ लाच स्वीकारली गेली होती. ती अमलात आणायला २६ जानेवारी १९५० ही तारीख धरली, कारण १९२९ च्या लाहोर अधिवेशनात पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला आणि २६ जानेवारी १९३० हा पहिला स्वातंत्र्यदिन म्हणून देशभर पाळला गेला. पुढे खरं स्वातंत्र्य ऑगस्टमध्ये आलं, तेव्हा जानेवारीतल्या त्या दिवसाचा मान असा राखला गेला.

गेटवेला गेलात तर अजून एक गोष्ट मुलांना दाखवा. समोरचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा २६ जानेवारी १९६१ ला, म्हणजे प्रजासत्ताक दिनीच उभा राहिला. गेटवे बांधला इंग्लंडच्या राजाराणीच्या भेटीची आठवण म्हणून, पण १९११ ला राजा उतरला तेव्हा तिथे दगडी कमान नव्हतीच. बांधकाम १९२४ ला पुरं झालं. पुढे चोवीस वर्षांनी त्याच कमानीखालून शेवटची गोरी पलटण गेली. माझ्या वर्गातली मुलं हे ऐकताना एकदम शांत होतात.

---

कांदिवलीकर । १३ जानेवारी, रात्री ९.१५

मला गेटवेची गर्दीच आवडते, हे प्रामाणिकपणे सांगतो. त्या दिवशी तिथे अख्खा देश आलेला असतो. बिहारहून आलेलं नवीन जोडपं, केरळच्या शाळेची सहल, मराठवाड्यातून एसटीने आलेले आजी-आजोबा, गालावर तिरंगा रंगवलेली पोरं. आम्ही भारताचे लोक म्हणतात ते हेच ना? बऱ्याच वर्षी सव्वीसच्या आसपास समोर पाण्यात नौदलाची जहाजं दिव्यांच्या माळांनी सजलेली दिसतात, ते बघायला माणसं अंधार पडेपर्यंत थांबतात.

पश्चिम उपनगरातल्यांना आता भुयारी मेट्रो थेट कफ परेडपर्यंत आहे. हुतात्मा चौकला उतरून गेटवेपर्यंत चालत जाता येतं. बंदोबस्त कडक असतो, मोठ्या बॅगा नेऊ नका आणि पोलीस सांगतील त्या वाटेने जा. तेही त्या दिवशी घरदार सोडून उभे असतात.

---

बंदरवाट । १३ जानेवारी, रात्री ९.४०

कांदिवलीकर, हे वाचून मीही यंदा संध्याकाळी गेटवेला चक्कर मारणार. बॅलार्ड इस्टेटनंतर तिकडे वळता येईल.

---

कॅमेरा_हाती । १४ जानेवारी, सकाळी ८.२०

फोटो काढणाऱ्यांसाठी. माझगावची जहाजबांधणी, नौदलाची गोदी आणि बंदराची फाटकं यांचे फोटो काढू नका, पहारेकऱ्यांशी वाद घालू नका. ड्रोनचा तर विचारही नको. बॅलार्ड इस्टेट, मोऱ्याच्या लाँचवरून दिसणारं आकाश, बाप्टिस्टा उद्यानातली माणसं, बोरीबंदरची रोषणाई, एवढ्यात दिवस भरतो. कोळीवाड्यात आधी विचारा, मग कॅमेरा काढा.

---

स्वच्छ_किनारा । १४ जानेवारी, सकाळी १०.००

सत्तावीस तारखेला सकाळी आम्ही काही जण गेटवे आणि भाऊच्या धक्क्याच्या आसपास पडलेले झेंडे गोळा करतो. प्लॅस्टिकचे झेंडे विकत घेऊ नका, नियमात ते बसत नाहीत आणि पाण्यात गेले की भरतीबरोबर पुन्हा किनाऱ्याला लागतात. मुलाच्या हाती कागदाचा किंवा खादीचा छोटा झेंडा द्या आणि तो घरी परत येईल हे मोठ्यांनी बघा. कुणाला सत्तावीसला यायचं असेल तर सांगा, हातमोजे आम्ही आणतो.

---

निवांत_दुपार । १४ जानेवारी, दुपारी १.३०

सत्तावीसला माझी कामावर पाळी उशिराची आहे. मी येते झेंडे वेचायला. चर्चगेटहून गेटवे चालण्यासारखं आहे.

---

स्वच्छ_किनारा । १४ जानेवारी, दुपारी १.४५

ताई, या नक्की. सकाळी सातला, शिवछत्रपतींच्या पुतळ्यापाशी.

---

अनामिक_पुणे । १४ जानेवारी, संध्याकाळी ५.१०

आम्ही पुण्याहून येतोय. बरोबर आई आहे, वय बहात्तर, गुडघे दुखतात. पायऱ्या चढवत नाहीत. तिला आयुष्यात एकदा बोटीत बसायचं आहे. यातलं काय जमेल?

---

नाखवा_शिवडी । १४ जानेवारी, संध्याकाळी ६.००

मावशींना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या रो-रो बोटीत बसवा. २०२० पासून चालू आहे. गाडीसकट आत जाता येतं, त्यामुळे लाँचीत उडी मारून चढायची भानगड नाही. बसायला खुर्च्या आहेत, तासाभरात पलीकडे. पलीकडे उतरून चहा घ्या आणि पुढच्या बोटीने परत या. सलग सुट्ट्या आहेत, अलिबागवाल्यांची झुंबड असणार, तेव्हा जायचं-यायचं दोन्ही आरक्षण आजच करा. सोमवारी दुपारी तिकडून परतणाऱ्यांची गर्दी जास्त, तुम्ही सकाळी जाऊन बाराच्या आत परतलात तर बरं. वारा लागतो, कानाला रुमाल आणि अंगात स्वेटर असू द्या. समुद्र जानेवारीत शांत असतो, त्यात भांग, त्यामुळे बोट फार हलणार नाही. मावशींना सांगा, घाबरायचं काही कारण नाही.

---

अनामिक_पुणे । १४ जानेवारी, संध्याकाळी ६.२५

दादा, आईला वाचून दाखवलं. सकाळच्या बोटीचं आरक्षण आत्ताच केलं, परतीचं अकराच्या सुमाराचं मिळालं. पुण्याहून रविवारी रात्रीच निघून दादरला बहिणीकडे मुक्काम करू. आई विचारतेय, बोटीवर झेंडावंदन असतं का?

---

नाखवा_शिवडी । १४ जानेवारी, संध्याकाळी ६.४०

त्या बोटीवरचं मला माहीत नाही, पण सकाळी धक्क्यावर लवकर या. आमची दोन-चार पोरं तिथेच असतात, झेंडा लावलेल्या होड्या बाजूलाच बांधलेल्या असतात. मावशींना खुर्ची आणून देऊ, राष्ट्रगीत आमच्याबरोबर म्हणा आणि मग बोटीत बसा.